लसीला विरोध म्हणजे स्वदेशी नव्हे

मृगाची चाहूल लागली की दरवर्षी दोन गोष्टी हटकून घडतात. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत फ्लूच्या लसीचे फलक झळकू लागतात आणि त्याच सुमारास भ्रमणध्वनीवरून या लसीविरुद्धचे संदेश घरोघरी पोहोचू लागतात. संदेशांचा साचा ठरलेला असतो. ही लस म्हणजे परकीय औषध कंपन्यांचे कारस्थान आहे, आपल्या बालकांची नैसर्गिक प्रतिकारशक्ती खच्ची करण्याचा तो डाव आहे, आपल्या पूर्वजांनी कधी अशा सुया टोचून घेतल्या नव्हत्या आणि तरीही ते शंभर वर्षे जगले, असा एकूण सूर असतो. शेवटी स्वदेशीची हाक आणि 'किमान दहा जणांना पाठवा' अशी आज्ञा! हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांत आपल्याच परिवारातील सुविद्य मंडळी, निवृत्त अधिकारी, शिक्षक, क्वचित अभियंतेही आघाडीवर असतात, हे खेदाने नमूद करावे लागते. परक्याने असे काही लिहिले असते तर दुर्लक्ष करून भागले असते. स्वदेशीसारख्या पवित्र शब्दाच्या आडोशाने ही आवई पिकवली जात असेल, तर तिचा समाचार आपणच घेतला पाहिजे.

प्रथम त्या पूर्वजांविषयी. शंभर वर्षे जगलेल्यांची आठवण सर्वांना आहे. जे जगले नाहीत त्यांची आठवण काढायची कोणी? १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात फ्लू उतरला आणि सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या लाटेत तो देशभर पसरला. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत त्याला 'मानमोडी' म्हणत. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानात त्या साथीने किती बळी घेतले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत; जगात अन्य कोणत्याही देशाने इतकी माणसे त्या साथीत गमावली नाहीत. ज्यांच्या घरी जुनी वंशावळ आहे त्यांनी ती एकदा काढून पाहावी. १९१८-१९ च्या आसपास अनेक शाखा अकस्मात थांबलेल्या दिसतील. ते लोक शुद्ध तुपावर वाढलेले होते, पहाटे उठत होते, त्यांच्या अन्नात रासायनिक खत नव्हते. मानमोडीने त्यांपैकी कशाचीही पत्रास ठेवली नाही, आणि तिने नेले ते प्रामुख्याने ऐन पंचविशी-तिशीतले स्त्री-पुरुष होते.

'तो काळ निराळा होता' असे म्हणणाऱ्यांनी पुण्याचा ऑगस्ट २००९ आठवावा. ३ ऑगस्ट रोजी चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी एच१एन१ विषाणूने दगावली. स्वाइन फ्लूचा देशातील तो पहिला बळी. पुढच्या काही दिवसांत शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहांना टाळी लागली, नायडू रुग्णालयाबाहेर पालक आपापल्या लेकरांना घेऊन तासन्‌तास रांगेत उभे राहिले, आणि चार-पाच रुपयांचा मुखपट्टा वाटेल त्या दराने विकला गेला. कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी हुंगत फिरणारे नागरिकही त्याच गर्दीत होते. साथ ओसरली तशी भीतीही ओसरली. विषाणू मात्र कुठेही गेला नाही. तो आपल्यातच स्थायिक झाला. २०१५ साली देशात ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ३ हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात साडेसातशेहून अधिक बळी गेले. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीने फ्लूही जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ या दुसऱ्या वाणाने पुन्हा दवाखाने भरले.

येथे एक घोळ निस्तरायला हवा. मराठी घरांत सर्दी-पडसे, ताप-खोकला, 'व्हायरल' आणि फ्लू हे सारे एकाच गाठोड्यात बांधले जाते. फ्लू हा इन्फ्लुएन्झा विषाणूचा विकार आहे. साध्या पडशाचे विषाणू वेगळे, आणि लहानग्यांची छाती भरवणारे इतरही अनेक विषाणू आहेत. फ्लू बहुतेक मुलांना चार-सहा दिवस झोपवतो आणि सोडून देतो. पण काहींच्या फुप्फुसांत उतरतो, काहींना त्यामागून जिवाणूंचा न्यूमोनिया होतो, क्वचित मेंदूला सूज येते. जगभराचा विचार केला तर २०१८ या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे ११ कोटी बालकांना फ्लू झाला आणि त्याच्याशी निगडित श्वसनविकाराने ३४,८०० पर्यंत बालके दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील अभ्यासकांनी मांडला आहे. रुग्णालयांत झालेल्या मृत्यूंपैकी फार मोठा वाटा आपल्यासारख्या, अल्प वा मध्यम उत्पन्नाच्या देशांचा होता. कोट्यवधींमध्ये हे प्रमाण अल्प आहे, हे खरेच. ज्या घरातले मूल गेले त्या घरासाठी ते अल्प नसते.

आता त्या स्वदेशीच्या मुद्द्याकडे वळू. फ्लूची लस परकीय आहे, हे विधान अर्धवट माहितीचे आहे. २००९ च्या साथीनंतर वर्षभरातच, जून २०१० मध्ये, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने देशी बनावटीची एच१एन१ लस बाजारात आणली आणि पुढच्याच महिन्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस आणली.  यंदाच्या लसीत कोणते वाण घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी फेब्रुवारी व सप्टेंबरमध्ये ठरवते. त्यासाठी जगभरच्या ज्या प्रयोगशाळा विषाणूंची माहिती पुरवतात त्यांत पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. म्हणजे आपल्याच मुलांच्या घशातून मिळालेल्या नमुन्यांचा या निर्णयात अंश आहे. दवाखान्यात परदेशी बनावटीच्या लसीही मिळतात, त्यांना पर्याय विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे आणि तो त्याने जरूर बजावावा. स्वदेशीचा खरा आग्रह हा असतो. देशी लस उपलब्ध आहे का, नसल्यास का नाही, असे विचारणारा माणूस स्वदेशीचा पाईक म्हणावा. लसच नको म्हणणारा माणूस पुण्यात-अहमदाबादेत राबणाऱ्या शेकडो भारतीय वैज्ञानिकांच्या कर्तृत्वावर बोळा फिरवतो, आणि वर राष्ट्राभिमानाची भाषा बोलतो.

मुळात रोगाचा अंश मुद्दाम शरीरात सोडून रोगापासून बचाव करण्याची कल्पना आपल्याला उपरी नाही. जेन्नरने गाईच्या देवीचा प्रयोग १७९६ मध्ये केला. त्याच्या जवळपास तीस वर्षे आधी, १७६७ मध्ये, हॉलवेल नावाच्या इंग्रजाने लंडनच्या वैद्यमंडळापुढे बंगालमधील पद्धतीचे सविस्तर वर्णन ठेवले होते. देवीच्या हंगामापूर्वी ब्राह्मण टीकाकार गावोगाव फिरत, आदल्या वर्षी जपून ठेवलेला देवीचा अंश मुलांच्या दंडावर टोचत, पथ्य सांगत. त्या पद्धतीत धोका होता आणि आजच्या लसीशी तिची बरोबरी करणे योग्य नव्हे. परंतु 'सुई टोचणे ही म्लेंच्छांची विद्या' म्हणणाऱ्याला स्वतःचाच इतिहास ठाऊक नाही एवढे यावरून निश्चित होते.

लोकांच्या मनातला संशय मात्र सारा वेडगळपणाचा आहे असेही नाही. या ठिकाणी आपल्या पुरोगामी विज्ञाननिष्ठांशी आमचा मतभेद आहे. शंका विचारणाऱ्या प्रत्येक आईला अडाणी ठरवून मोकळे होण्याची त्यांची रीत उद्दाम आहे आणि ती संशय वाढवते. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदरा येथे एका परकीय संस्थेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प राबवला. खम्मममध्ये आश्रमशाळांत राहणाऱ्या वनवासी मुलींना ती टोचली गेली आणि अनेक ठिकाणी संमतिपत्रावर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, हे सांगितलेच पाहिजे. परंतु २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्या संस्थेवर आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेवरही कठोर ताशेरे ओढले, हेही तितकेच सत्य आहे. गरिबाच्या लेकीची संमती गृहीत धरणारे लोक ज्या व्यवस्थेत मोकाट सुटतात, त्या व्यवस्थेवर सामान्य माणसाने डोळे मिटून विश्वास ठेवावा असे आम्ही म्हणणार नाही.

फ्लूच्या लसीच्या स्वतःच्या इतिहासातही ठेचा आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेने न आलेल्या साथीच्या धास्तीने सुमारे साडेचार कोटी नागरिकांना घाईघाईने लस टोचली. दर लाखामागे साधारण एकाला गियाँ-बारे नावाचा, हातापायांतील शक्ती जाण्याचा विकार जडला आणि डिसेंबरमध्ये मोहीम गुंडाळावी लागली. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात एका विशिष्ट कंपनीच्या लसीनंतर लहान मुलांना तापाचे झटके येऊ लागले, तेव्हा पाच वर्षांखालील मुलांचे लसीकरण काही काळ थांबवण्यात आले. २००९-१० च्या साथीत युरोपात वापरलेल्या एका लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये काही मुलांना अनावर झोपेचा दुर्धर विकार झाला. ही यादी लसविरोधी संदेशांत मोठ्या आवेशाने फिरते. तिच्यातील पुढची ओळ मात्र कुणी लिहीत नाही. हे दोष उघडकीस आणले ते त्या त्या देशांच्या वैद्यकीय यंत्रणांनीच. त्या लसी त्यांनीच थांबवल्या. आणि आज आपल्याकडे मुलांना देण्यात येणाऱ्या लसी त्या नव्हेत. आजच्या लसीनंतर दंड दुखणे, दोन दिवस बारीक ताप, चिडचिड एवढे सर्रास होते. गियाँ-बारेचा अधिकचा धोका आढळलाच तर तो दहा लाखांत एक-दोन इतका आहे, आणि खुद्द फ्लू होऊन गेल्यावरही तो विकार होतो. एकूण, या तराजूत दोन्ही पारड्यांत काहीतरी आहे. फक्त वजन सारखे नाही.

आपल्या पुण्याने हा विवेक एकदा दाखवलेला आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या गोऱ्या शिपायांनी घराघरांत घुसून जो धुडगूस घातला त्याविरुद्ध लोकमान्यांनी लेखणी परजली, आणि चापेकर बंधूंनी पुढे जे केले ते सर्वविदित आहे. पण लोकमान्यांनी प्लेग खोटा आहे असे कधी म्हटले नाही. पुढारी म्हणवणारे अनेक जण शहर सोडून गेले असता ते पुण्यातच राहिले आणि रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याच वर्षी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. जानेवारीत मुंबईत हाफकिनने प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली, हाफकिनवर बालंट आले आणि ते धुऊन निघायला पाच वर्षे लागली. लस चालूच राहिली आणि तिने लक्षावधी लोकांना आधार दिला. जुलमाला विरोध करायचा, निष्काळजीपणाचा जाब विचारायचा, पण रोगाशी हातमिळवणी करायची नाही, अशी ही परंपरा आहे. भ्रमणध्वनीवरच्या वीरांनी ती पुन्हा वाचावी.

लसीच्या भक्तांशीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. 'ही घेतली की वर्षभर सर्दी-खोकल्याची चिंता नाही' असे सांगून लस खपवणारे डॉक्टर लसविरोधकांइतकेच नुकसान करतात. असे वचन ऐकून आलेल्या पालकाचे मूल महिनाभरात शिंकू लागले, की तो माणूस आयुष्यभरासाठी लसविरोधी होतो. फ्लूची लस फ्लूविरुद्ध आहे, पडशाविरुद्ध नाही. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. निष्क्रिय विषाणूपासून बनवलेल्या, टोचायच्या लसीने फ्लू होऊ शकत नाही. त्या दोन आठवड्यांत मात्र बाहेरून लागण होऊ शकते. शिवाय विषाणू सतत रूप पालटतो, त्यामुळे काही वर्षी नेम चुकतो. २०१४-१५ च्या हंगामात अमेरिकेत लसीची परिणामकारकता १९ टक्क्यांवर घसरली होती. नेम बसतो तेव्हा ती साधारण ४० ते ६० टक्के असते. गोवराची किंवा पोलिओची लस ज्या तोडीची आहे त्या तोडीची ही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितल्याने कोणतीही लस खपायची राहत नाही.

मग उपयोग तो काय, असे कोणी विचारेल. कॉक्रेन ही औषध कंपन्यांच्या पैशांपासून कटाक्षाने दूर राहणारी अभ्यासकांची संस्था. फ्लूच्या लसीविषयी तिचे संशोधक कमालीचे साशंक म्हणून प्रसिद्ध आहेत. २०१८ मध्ये त्यांनी निरोगी मुलांवरील सर्व चाचण्या एकत्र पाहिल्या. निष्क्रिय लसीने मुलांमधील फ्लूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आणि नाकातील जिवंत लसीने १८ वरून ४ टक्क्यांवर आल्याचे त्यांना दिसले. त्याच वेळी, फ्लूसारखी लक्षणे देणारे सगळे आजार धरले तर फरक बराच कमी पडतो आणि रुग्णालयात दाखल होण्याविषयी भक्कम पुरावा चाचण्यांतून मिळत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. आपल्या देशातला पुरावाही आहे. हरयाणातील वल्लभगड परिसरातल्या गावांत सहा महिने ते दहा वर्षे वयाच्या मुलांवर तीन वर्षे चाचणी झाली. पहिल्या वर्षी फ्लू जेमतेम पावपट घटला. पुढच्या दोन वर्षांत संरक्षण वाढत गेले. हे सारे आकडे चमत्काराचे नाहीत. पावसात छत्री घेऊन निघालेला माणूस पायघोळापर्यंत भिजतोच. म्हणून कोणी छत्री घरी ठेवून जात नाही.

काही घरांत लसीऐवजी पुष्यनक्षत्राला सुवर्णप्राशन देण्याची प्रथा रूढ झाली आहे. आपले अनेक कार्यकर्ते वैद्य त्याची शिबिरे निष्ठेने भरवतात. सुवर्णप्राशनाचा उल्लेख काश्यपसंहितेत आहे, बालसंगोपनाच्या संस्कारांत त्याला स्थान आहे, आणि ज्यांना ते द्यायचे त्यांनी ते जाणत्या वैद्याकडून, औषधाची शुद्धता पाहून अवश्य द्यावे. पण 'सुवर्णप्राशन झाले, आता लस कशाला' हे वाक्य काश्यपसंहितेत नाही. ते शिबिराच्या पत्रकात आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाला स्वतंत्र अध्याय दिला तो याच प्रश्नासाठी, की माणसांची प्रकृती, आहार, बल, वय सारे भिन्न असता एकच व्याधी एकाच वेळी अवघ्या जनपदाला कशी ग्रासते? वायू, जल, देश आणि काल हे सर्वांना समान असतात, ते बिघडले की प्रकृतिभेद उपयोगी पडत नाही, हे त्यांचे उत्तर. व्यक्तिगत बल साथीपुढे अपुरे पडते हे ज्या ग्रंथाने दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले, त्याच ग्रंथाच्या नावाने 'आमच्या मुलाची प्रतिकारशक्ती उत्तम आहे' म्हणून साथीत निर्धास्त राहणे, हा चरकांचा उपमर्द आहे.

शाकाहारी कुटुंबांची एक अडचण खरी आहे आणि दवाखान्यात ती विचारायचा संकोच वाटतो, म्हणून येथे लिहितो. फ्लूच्या बहुतेक लसींचा विषाणू कोंबडीच्या गर्भांकित अंड्यांत वाढवतात. नंतर तो वेगळा काढून शुद्ध केला जातो; अंड्यातील प्रथिनाचा सूक्ष्म अंश उरतो. ब्रिटनमध्ये मुलांना देतात त्या नाकातील लसीत डुकराचे जिलेटिन असते आणि तेथे मुस्लीम समाजाने त्यावर आक्षेप घेतल्याने टोचायची पर्यायी लस ठेवावी लागली. आपल्याकडे आपद्धर्माची संकल्पना आहे, औषध आणि आहार यांत भेद करण्याची रीत आहे, आणि पूर्वी देवीची लस वासराच्या अंगावर वाढवत असतानाही श्रद्धावान घरांतील मुलांनी ती टोचून घेतलेली आहे. तरीही कोणाचे मन मानत नसेल तर त्याने बिनदिक्कत तसे सांगावे आणि अंड्याविना बनलेली लस मिळेल का, हे विचारावे. अंड्याची साधी वावडी लसीच्या आड येत नाही असे आता वैद्यकशास्त्र मानते. यापूर्वी फ्लूच्याच लसीने तीव्र त्रास झालेला असेल तर मात्र डॉक्टरांना ते आधी कळवणे अनिवार्य आहे.

मग आपल्या मुलाला द्यायची की नाही? सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला द्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे आणि ती आम्हास पटते. याच वयात फ्लू छातीत उतरण्याचे भय सर्वाधिक. दमा, जन्मजात हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह असलेल्या मुलांच्या बाबतीत वय पाहू नये, आणि खर्चाचा घोळही घालू नये. दहा वर्षांचा धडधाकट मुलगा असेल, तर प्रश्न थोडा सैल होतो. ज्यांना परवडते त्यांनी द्यावी, ज्यांनी नाही दिली त्यांना सोसायटीतल्या बायकांनी नावे ठेवू नयेत. परंतु त्या मुलाच्या घरात पाळण्यात तान्हे असेल वा अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील, तर हिशेब पुन्हा बदलतो. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देताच येत नाही. त्याचे रक्षण होते ते गरोदरपणी आईने घेतलेल्या लसीने, आणि घरच्या थोरल्यांनी फ्लू घरात न आणल्याने. जपानने १९६२ पासून पुढची सुमारे पंचवीस वर्षे शाळकरी मुलांना सर्रास फ्लूची लस दिली. नंतर पालकांना सूट मिळाली, लसीकरण आटले, आणि कालांतराने संशोधकांच्या लक्षात आले की त्या काळात वाचत होते ते वृद्ध. साधारण ४२० मुलांच्या लसीकरणामागे एक मृत्यू टळत होता, असा हिशेब २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वल्लभगडात असा अप्रत्यक्ष लाभ आढळला नाही, म्हणून त्या आकड्याची शपथ कोणी घेऊ नये. मात्र एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने नातवाच्या दंडावरची सुई आजीच्या छातीशी जोडून पाहायला हरकत नाही.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप पालकांवर नाही, शासनव्यवस्थेवर आहे. फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगी दवाखान्यात तिला हजारावर, बहुधा दीड-दोन हजार रुपये मोजावे लागतात. पहिल्या वर्षी दोनदा, पुढे दरवर्षी. कोथरूड-पार्ल्यातील कुटुंब ते मोजते. सेवावस्तीतील बाई कुठून मोजणार? तिचे मूल एका खोलीत सहा माणसांबरोबर झोपते, चुलीचा धूर घेते, आणि त्याला फ्लू झाला तर न्यूमोनियाशी त्याची गाठ पडण्याचा संभव कोथरूडच्या मुलाहून अधिक. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गर्भवती महिला व मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ही लस मोफत उपलब्ध केली, हे स्वागतार्ह पाऊल होते. दमेकरी आणि हृदयविकारी बालके त्या रांगेत का नसावीत? देशी उत्पादनाने काय घडते याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. न्यूमोकोकसची लस वर्षानुवर्षे श्रीमंतांची मानली जात होती. २०२० मध्ये पुण्यातच तिची स्वस्त आवृत्ती तयार झाली आणि २०२१ मध्ये ती लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली. फ्लूच्या लसीबाबत अशी मागणी करणारा एकही संदेश आजवर आमच्या भ्रमणध्वनीवर आलेला नाही.

ज्यांनी द्यायचे ठरवले त्यांच्यासाठी वेळेची गोष्ट. काश्मीरसारखा उत्तरेचा भाग सोडला तर आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर असतो. हिवाळ्याअखेरीस धाकटी लाट येते. म्हणून दक्षिण गोलार्धासाठी निवडलेल्या वाणांची, त्या वर्षाची ताजी लस शाळा सुरू होण्यापूर्वी घेणे सोयीचे. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. तेव्हा पहिली एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी, मामाच्या गावी जाण्याआधी, झालेली बरी. कुपीवरचे वर्ष आणि वाणांची यादी डॉक्टरांना दाखवायला सांगावी, आणि लस शीतपेटीतून काढली जाते आहे ना, हे स्वतः पाहावे. लस दिलेली असो वा नसो, तापात मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. श्वास जलद चालू लागला, ओठ निळसर दिसले किंवा मूल पाणीही घेईनासे झाले, तर काढ्याची वाटी बाजूला ठेवून त्याच पावली रुग्णालय गाठावे.